टेबलावरचा बोरघाट

घरगुती मॉडेल रेल्वेच्या बऱ्याच लेआउटांवर गाडी कर्जत-लोणावळ्याची असते आणि डोंगर स्वित्झर्लंडचा. इंजिन भारतीय, डबे निळे किंवा लाल, मागे मात्र टोकदार शिखरं, सूचिपर्णी झाडं आणि बारमाही पोपटी गवत. निसर्गाचं बरंचसं तयार सामान युरोप-अमेरिकेतले उत्पादक आपापल्या मुलखावरून बनवतात, म्हणून हे होतं. झाडं, खडकांचे साचे, गवताच्या पिशव्या असं जे मिळेल ते आणून चिकटवलं, की गाडी आपली आणि गाव परकं असा प्रकार होतो. सह्याद्री हवा असेल तर सामानाच्या यादीआधी एक जागा आणि एक महिना ठरवा. बाकीचे जवळपास सगळे निर्णय त्यातून आपोआप सुटतात.

जागा आणि महिना

आपण बोरघाट घेऊ. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने १८५६ मध्ये इथे काम सुरू केलं आणि १८६३ मध्ये गाड्या घाट चढू लागल्या. खंडाळ्याजवळ तेव्हा रिव्हर्सिंग स्टेशन होतं. गाडी तिथे थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचं आणि गाडी उलट्या दिशेने पुढे चढायची. १९२९ मध्ये नव्या मार्गामुळे ते बंद झालं. त्याच सुमारास घाटावर विजेच्या तारा आल्या. त्यामुळे १९१० चा घाट करायचा तर रिव्हर्सिंग स्टेशन हवं आणि तारा नकोत. आजचा करायचा तर तारा हव्यात आणि मागून गाडी ढकलणारी बँकर इंजिनंही हवीत. काळ ठरला, की काय बनवायचं आणि काय सोडायचं हे ठरतं.

महिन्याचंही तसंच आहे. जुलैत कातळ काळा आणि ओला दिसतो, प्रत्येक घळीतून पाणी पडतं आणि उघडी माती शोधावी लागते. ऑक्टोबरच्या शेवटी उतारावरचं गवत सोनेरी होतं, झाडं अजून हिरवी असतात, धबधबे आटलेले असतात. मार्चमध्ये गवत वाळून करडं पडतं, कुठे वणव्याने जळालेले काळे पट्टे दिसतात आणि पानं झडलेल्या पळस-पांगाऱ्यावर लाल-केशरी फुलं असतात. हे तिन्ही एकाच फळीवर आणले तर पाहणाऱ्याला काय चुकलं ते सांगता येणार नाही, पण काहीतरी चुकलंय हे लगेच कळेल. नवशिक्याने ऑक्टोबरचा उत्तरार्ध निवडावा. पाण्याची कटकट नाही, आणि पिवळ्या-हिरव्या मिश्रणात रंगाची छटा थोडी इकडेतिकडे झाली तरी खपते. पावसाळी हिरवा रंग सर्वांत अवघड असतो. तो जरा भडक झाला, की सगळं खेळण्यातलं दिसू लागतं.

या शिस्तीचा उत्तम नमुना इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डजवळच्या लाँग विटनहॅम गावात आहे. ऑस्ट्रेलियातून आलेल्या रॉय इंग्लंड यांनी तिथल्या खोऱ्यातली घरं बदलून जाण्याआधी त्यांची मापं आणि नोंदी घ्यायला सुरुवात केली आणि त्यातून पेंडन म्युझियम उभं राहिलं. त्यातला खोऱ्याचा छोट्या मापातला देखावा १९२०-३० च्या दशकांतला आहे. आपल्याकडे पुण्यातलं जोशींचं मिनिएचर रेल्वेचं संग्रहालय या छंदाची तोंडओळख करून घ्यायला चांगलं आहे. आणि घाट पाहायचा तर कर्जतहून लोणावळ्याला जाणाऱ्या गाडीत खिडकीपाशी बसा. फोटो काढा, पण रंगांच्या नोंदी वहीत करा, कारण फोनचा कॅमेरा हिरवा रंग गडद करून दाखवतो.

मापाचं गणित

एचओ हे जगात सर्वाधिक चालणारं प्रमाण आहे, १:८७. या मापात साडेपाच फुटी माणूस १९ मिलिमीटरचा, आयसीएफचा डबा सुमारे साडेचोवीस सेंटिमीटरचा आणि १५ मीटर उंच झाड १७ सेंटिमीटरचं होतं. झाडाचा आकडा पुन्हा वाचा. घरगुती लेआउटवरची झाडं बहुतेक वेळा सात-आठ सेंटिमीटरची असतात, म्हणून ती झुडपांसारखी दिसतात आणि गाडी अवाढव्य वाटते.

आता घाट मोजू. कर्जत ते लोणावळा २८ किलोमीटर, म्हणजे एचओमध्ये ३२० मीटरहून जास्त. चढाई साडेपाचशे मीटरहून अधिक, म्हणजे सहा मीटरच्या वर. कोकण रेल्वेवरचा रत्नागिरीजवळचा पानवल पूल ६४ मीटर उंच आहे. तो एकटाच या मापात सुमारे ७४ सेंटिमीटर होईल. पूर्ण घाट कुणाच्याच घरात मावणार नाही, तेव्हा निवड करावीच लागते. चार फूट बाय दोन फुटांच्या फळीसाठी एक बोगद्याचं तोंड, एक कातळातली कापणी आणि एक दगडी कमानींचा छोटा पूल एवढं पुष्कळ झालं. चौथी गोष्ट घालायची इच्छा होईल. ती दुसऱ्या फळीसाठी ठेवा.

एक तडजोड सुरुवातीलाच मान्य करा. भारतीय ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा आहे. तो १:८७ मध्ये १९.३ मिलिमीटर होतो, पण बाजारातले एचओ रूळ १६.५ मिलिमीटरचे असतात, कारण ते १४३५ मिलिमीटरच्या स्टँडर्ड गेजवरून केलेले आहेत. स्वतः रूळ बांधायची तयारी नसेल तर यावर उपाय नाही. रुळाच्या दोन्ही बाजूंची खडी आणि जमीन नीट असेल तर हा फरक डोळ्यात येत नाही.

रूळ चढवण्यापेक्षा जमीन उतरवा

बोरघाटाचा चढ ३७ला १ आहे. टेबलावर रूळ १० सेंटिमीटर उचलायचा तर ३.७ मीटर लांबी लागेल, शिवाय वळणावर छोटी इंजिनं घसरतात. घाटाचा भास मुख्यतः दरीमुळे होतो. म्हणून सपाट प्लायवुडवर डोंगर रचत बसू नका. लाकडी पट्ट्यांची उघडी चौकट करा. प्लायवुड फक्त रुळाखाली, लांब पट्टीच्या रूपात आधारांवर ठेवा आणि पुढच्या बाजूची जमीन रुळाच्या २०-२५ सेंटिमीटर खाली न्या. मागची जमीन तेवढीच वर न्या. गाडी जवळजवळ सपाट धावत असली तरी कड्याच्या पोटातून चालल्यासारखी वाटेल.

डोंगराच्या गाभ्यासाठी टीव्ही-फ्रिजच्या खोक्यातला थर्मोकोल चालतो. नवा आणायची गरज नाही. त्यावर स्प्रे पेंट किंवा सॉल्व्हंट असलेला गोंद लावू नका, थर्मोकोल विरघळतो. पाण्यातला गोंद आणि पाण्यातलेच रंग वापरा. तापलेल्या तारेने कापताना खिडक्या उघड्या ठेवा, कारण धूर त्रासदायक असतो. वरच्या कवचासाठी हाड मोडल्यावर वापरतात ते प्लास्टरचं बँडेज सर्जिकल दुकानात मिळतं. त्याचे तुकडे पाण्यात बुडवून एकावर एक दोन-तीन थर दिले की हलकं आणि कडक कवच तयार होतं.

बोगद्याबाबत दोन गोष्टी आधी तपासा. पहिली, तुमचा सर्वांत लांब डबा वळणावरून हाताने ढकलून पाहा. डब्याचा मधला भाग वळणाच्या आत आणि टोकं बाहेर झुकतात. तेवढी जागा सुटली आहे ना हे पाहूनच कमान चिकटवा. दुसरी, गाडी बोगद्यातच घसरणार हे गृहीत धरा. मागून हात घालायला वाट ठेवा किंवा डोंगराचा माथा उचलता येईल असा करा. आणि फळीच्या कोणत्याही कोपऱ्यापर्यंत हात पोहोचला पाहिजे. साठ-सत्तर सेंटिमीटरपलीकडे काही बनवू नका.

कातळ पायऱ्यांचा असतो

सह्याद्री इथेच जमतो किंवा बिघडतो. आपला डोंगर लाव्हाच्या एकावर एक साचलेल्या, जवळजवळ आडव्या थरांचा आहे. कठीण थराचा उभा कडा बनतो, मऊ थराचा उतार होतो, उतारावर झाडी उगवते आणि त्यावर पुन्हा कडा. माथा बहुधा सपाट असतो. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे विटकरी मातीची पट्टी दिसते. आल्प्सच्या तिरक्या, टोकदार खडकाचा साचा इथे उपयोगाचा नाही.

थर बनवायची पद्धत सोपी आहे. प्लास्टिकच्या कागदावर प्लास्टर ऑफ पॅरिस एक सेंटिमीटर जाडीचं ओता. सुकलं की हाताने तोडा. तुटलेली कड दर्शनी बाजूला ठेवून तुकडे एकावर एक रचा. फटी पातळ प्लास्टरने भरा आणि टोकदार सुरीने उभ्या भेगा कोरा. कापलेली कड कधीही समोर येऊ देऊ नका.

आता यातलं सर्वांत महत्त्वाचं. थर आडवे असल्यामुळे डाव्या डोंगरावरची कड्याची रेघ उजव्या डोंगरावर आणि मागच्या पडद्यावरही साधारण त्याच उंचीवर आली पाहिजे. फळीभर दोरा ताणून खुणा करून घ्या. रेघ अशी जुळली की दोन फायदे होतात. वेगवेगळे डोंगर एकाच मुलखाचे वाटतात. आणि रुळाला थोडासाच चढ दिला असेल तरी आडव्या कातळरेषांसमोर तो स्पष्ट दिसतो.

रंग देताना आधी करड्या रंगात थोडा तपकिरी मिसळून सगळीकडे लावा. वाळल्यावर काळ्या रंगाचं खूप पातळ पाणी सोडा, ते भेगांत उतरतं. ते सुकलं की जवळजवळ कोरड्या ब्रशने फिकट करडा रंग फक्त कडांवरून फिरवा. शुद्ध काळा कुठेही वापरू नका. छोट्या मापात सगळे रंग खऱ्यापेक्षा गडद भासतात, म्हणून प्रत्येक मिश्रणात थोडा पांढरा घाला. पावसाळा दाखवायचा असेल तर शेवटी पाणी वाहणाऱ्या जागांवरच चमकदार व्हार्निश द्या, इतर कातळ निस्तेज राहू द्या.

खडी आणि लोहचुंबक

रुळाखालची खरी खडी साधारण ५० मिलिमीटरची असते. एचओमध्ये हा दाणा अर्ध्या मिलिमीटरहून थोडा मोठा येतो. खडी क्रशरवरची कच धुऊन, वाळवून, चहाच्या आणि मैद्याच्या अशा दोन चाळण्यांतून काढली, की मधला दाणा नेमका मिळतो. रंग द्यावा लागत नाही, कारण घाटातली खडीही याच दगडाची असते.

पण एक पथ्य आहे. आपल्या काळ्या दगडात मॅग्नेटाइट हे लोहाचं खनिज असतं आणि त्याचे कण चुंबकाला चिकटतात. इंजिनाच्या मोटरमध्ये चुंबक असतो. कच पसरवण्याआधी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं जोरदार लोहचुंबक तिच्यातून पुन्हा पुन्हा फिरवा. चिकटेल ते टाकून द्या. चुंबक स्वच्छ बाहेर येईपर्यंत हे करा. हे जमत नसेल तर तयार खडी विकत घ्या. दहा-पंधरा हजारांच्या इंजिनापुढे ती स्वस्त पडते.

खडी टाकण्याआधी रुळांच्या बाजू गंजाच्या तपकिरी रंगाने रंगवा आणि वरचा चकचकीत भाग लगेच पुसा. मग कोरडी खडी चमच्याने टाकून मऊ ब्रशने सारखी करा. स्लीपरच्या माथ्यावर एकही दाणा राहू देऊ नका. त्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी यांचा बारीक फवारा मारा, म्हणजे गोंद गोळा न होता आत झिरपतो. एक भाग फेविकॉल आणि दोन भाग पाणी ड्रॉपरने सोडा आणि रात्रभर हात लावू नका. सांध्यांच्या हलत्या पट्ट्यांपाशी गोंद कटाक्षाने टाळा. तिथे एक थेंब सांडला तर सांधा कायमचा अडकतो.

माती, गवत, झाडं

जमिनीला आधी मातकट तपकिरी रंग द्या, म्हणजे वरचं आवरण कुठे विरळ झालं तरी पांढरं प्लास्टर डोकावत नाही. मग खरी माती, पण भट्टीत किंवा तव्यावर कोरडी भाजून आणि चाळून. न भाजलेल्या मातीत किडे आणि बुरशी येतात. चहाच्या चोथ्याचा पालापाचोळा सुंदर दिसतो, पण तोही खडखडीत वाळवलेला हवा. रंगीत रांगोळी टाळा. ओली झाली की तिचा रंग पाझरू शकतो.

गवतासाठी स्टॅटिक ग्रास लावायचं यंत्र आता आपल्याकडेही ऑनलाइन मिळतं. विद्युतभारामुळे नायलॉनचे तंतू गोंदावर उभे राहतात. दोन मिलिमीटरचे तंतू आधी आणि चार किंवा सहा मिलिमीटरचे नंतर, असे वेगळ्या छटांचे दोन थर द्या. ऑक्टोबरसाठी तीन भाग गवती पिवळा आणि एक भाग मळकट हिरवा हे प्रमाण ठेवा. उंच वाळलेल्या गवताच्या झुपक्यांसाठी काथ्याचे धागे कापून लावा. तो रंग जन्मतःच बरोबर असतो. गवत सगळीकडे सारखं पसरवू नका. घाटात ते कातळाच्या टप्प्यांवर, गटाराच्या कडेला आणि भिंतींच्या फटींत असतं, रुळालगत कमी असतं.

झाडाचा सांगाडा विजेच्या जुन्या केबलमधल्या तांब्याच्या तारा पिळून करता येतो किंवा घाणेरीच्या वाळलेल्या फांद्या वापरता येतात. पानांसाठी गादीचा जुना स्पंज पाणी घालून जुन्या मिक्सरमध्ये बारीक करा, ॲक्रिलिक रंगात बुडवून वाळवा. एकाच हिरव्याऐवजी चार छटा करा. ऐन, हिरडा, जांभूळ या झाडांचा घेर वरती पसरतो. खोड दिसू द्या आणि पानांतून थोडं आकाश दिसू द्या. गोल गड्डे झाड म्हणून उभे करू नका. कड्यांखालच्या उतारावर दोन-अडीच सेंटिमीटर उंचीची दाट कारवी लावली, की पाहणारा घाटावरच्या माणसांपैकी असेल तर लगेच ओळखेल.

पाणी हवंच असेल तर

सह्याद्रीतला धबधबा एका उडीत क्वचितच खाली येतो. तो टप्प्याटप्प्याने, कातळाच्या प्रत्येक पायरीवर आपटत उतरतो, आणि पांढरा असतो. निळा रंग अजिबात वापरू नका. चित्रकलेच्या दुकानात ग्लॉस जेल मीडियम मिळतं. प्लास्टिकच्या कागदावर त्याच्या उभ्या रेघा ओढा, वाळल्यावर पारदर्शक पट्टी सोलून निघते. ती टप्प्यांवर चिकटवून पांढऱ्या रंगाचा कोरडा ब्रश फिरवा. ओढ्याच्या डबक्यासाठी दोन भागांचं इपॉक्सी रेझिन लागतं. तळ आधी रंगवून सगळ्या फटी बुजवा, नाहीतर रेझिन खालच्या जमिनीवर जाईल. दोन-तीन मिलिमीटरचा थर ओता, तो कडक झाल्यावरच पुढचा. मुंबई-कोकणातल्या पावसाळी दमट हवेत रेझिन धूसर होऊ शकतं, म्हणून हे काम हिवाळ्यात उरका.

भारतीयपण तपशिलात

गाडी कुठली हे पाहणाऱ्याला बारीक वस्तूंवरून कळतं. पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांतलं स्टेशनचं नाव आणि खाली समुद्रसपाटीपासूनची उंची. फाटकाआधीची ‘सी/फा’ लिहिलेली पाटी. तारांच्या खांबावरचा किलोमीटर आणि खांबाचा क्रमांक. दरडी अडवायला कापणीवर लावलेली तारेची जाळी. या जाळीसाठी मच्छरदाणीचा तुकडा चालतो. दीड मिलिमीटरचं तिचं छिद्र एचओमध्ये तेरा सेंटिमीटरचं होतं. तिला आधी करडा रंग द्या.

तयार माणसं युरोपीय कोट-टोपीतली येतात. टिश्यू पेपर पातळ फेविकॉलमध्ये बुडवून साडी नेसवता येते, रंगाने धोतर-टोपी होते. माणसं थोडी ठेवा आणि कामात गुंतलेली ठेवा. रुळावरून चालत तपासणी करणारा, नारिंगी जाकीट घातलेला एक गँगमन पुरतो. घाटातल्या मंकी हिलच्या परिसरासाठी सहा मिलिमीटरचं एखादं माकड कठड्यावर बसवायला हरकत नाही.

पडदा, दिवे आणि आपली हवा

मागचा पडदा सगळ्यांत आधी बसवा, पुढचा डोंगर झाल्यावर तिथे हात जात नाही. कोपरे गोल वळवा. दूरचे डोंगर क्रमाने फिकट आणि निळसर करा, तीन छटा पुरे. ज्या दिव्याखाली लेआउट राहणार आहे त्याच दिव्याखाली सगळे रंग मिसळा. पिवळ्या दिव्यात जमलेलं गवत पांढऱ्या दिव्यात आजारी दिसतं.

पावसाळ्यात लाकूड फुगतं, म्हणून चौकटीला आणि प्लायवुडला सर्व बाजूंनी रंग द्या. रुळांच्या काही जोडांत अर्ध्या मिलिमीटरची फट ठेवा. खळ किंवा पिठाची चिकी वापरू नका, कसर लागते. काम नसेल तेव्हा सगळ्यावर सुती चादर टाका. धूळ बसली की हिरवा रंग सर्वांत आधी मरतो.

आणि सगळी फळी एकदम सुरू करू नका. एक फूट रुंदीचा तुकडा कातळापासून माकडापर्यंत पूर्ण करा, आठवडाभर रोज बघा, पटलं नाही ते खरवडून पुन्हा करा. प्लास्टर आणि माती स्वस्त आहे. त्या एका फुटाकडे पाहून घरातल्या कुणीही न विचारता ‘हा खंडाळ्याचा घाट ना?’ म्हटलं, की मगच पुढचा फूट हातात घ्या.